इशापूरची थ्री-नॉट-थ्री: कुठला भाग कुठून आला? खुणा वाचायला मदत हवी

ओहायोकर

नमस्कार मंडळी. इथे जुन्या घड्याळांचे, कॅमेऱ्यांचे, रेडिओंचे धागे निघतात, तर एक रायफलीचाही निघू द्या. मी अमेरिकेत ओहायोत राहतो. इथे जुन्या लष्करी रायफली जमवणं हा रीतसर, कायद्याच्या चौकटीतला छंद आहे. नुकत्याच एका घरगुती लिलावात मला ली-एनफिल्ड मिळाली आणि तीही आपल्या बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची! विकणाऱ्यानं "ऑल ओरिजिनल" म्हणून दिली, पण घरी येऊन बघतो तर आकडे एकमेकांशी बोलायला तयार नाहीत.

फोटो चढत नाहीयेत (आकाराची मर्यादा), म्हणून खुणा लिहून देतो.

दस्ता जिथे लोखंडाला जोडला जातो त्या पट्ट्यावर उजवीकडे: मुकुट, खाली जी.आर.आय., मग इशापूर, १९४२, आणि एस.एच.टी. एल.ई. तीन, पुढे चांदणी. डावीकडे पुसट एफ.आर. आणि ५१.
चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कड्यावर नंबर आहे. नळीवर तोच नंबर, पण ठसा वेगळ्या वळणाचा. नळीला बारीक ५१.
पुढच्या टोपीवर (नोजकॅप) एक जुना नंबर, त्यावर आडवी रेघ आणि शेजारी माझ्या रायफलीचा नंबर.
मागच्या साइटच्या (नेम धरायच्या) पट्टीखाली भलताच नंबर. रेघ वगैरे काही नाही.
बोल्टच्या (काडतूस आत ढकलून चेंबर मागून बंद करणारा भाग) दांड्यावर तिसराच नंबर, आधी एक इंग्रजी अक्षर. इथेही रेघ नाही. बोल्टच्या शेपटाला गोल बटण आहे.
नळीच्या तोंडाशी बारीक ठिपक्याठिपक्यांची अक्षरं: सी.ए.आय. सेंट अल्ब. व्ही.टी.
फोरएंडच्या (नळीखालच्या पुढच्या) लाकडातून, मॅगझीनच्या पुढे, एक आडवा स्क्रू आरपार गेलाय. त्याच्याजवळ लाकडाचा एक चौकोनी तुकडा बसवलाय, रंग जरा फिका.

ही खरी आहे, सुट्या भागांची जोडाजोड आहे, की कुणीतरी गॅरेजमध्ये बसून जुळवलेली?

मुळशीकर

मस्त धागा. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचत राहणार. आमच्या कॉलेजात एनसीसीला हीच होती का हो? खांद्यावर घेऊन मैदानाला चकरा मारल्या की कॉलरबोन आठवायचं.

घाटमाथा

मुळशीकर, बहुतेक हीच. कवायतीच्या रायफलींवर डी.पी. असा ठसा असतो, म्हणजे 'ड्रिल पर्पज'. तशी रायफल कुणी विकायला आणली तर भिंतीवर लावावी. तिच्यात काडतूस घालायचं नाही, मग विकणारा काहीही शपथा घेवो.

आता ओहायोकरांकडे येतो. उत्तर लांब होईल.

पहिली गोष्ट, बॉडी (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो लोखंडी सांगाडा) खरी इशापूरची. मुकुट आणि जी.आर.आय. म्हणजे 'जॉर्ज, राजा आणि सम्राट'. १९४२ म्हणजे सहावा जॉर्ज. प्रजासत्ताकानंतरच्या इशापुरी मालावर मुकुट जातो आणि अशोकस्तंभाचे सिंह किंवा नुसतं आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) येतं. 'तीन चांदणी' हे १९१६चं युद्धकालीन सोपं रूप. मूळ मार्क ३ आला १९०७ साली. महायुद्धात कारखान्यांची दमछाक झाली, तेव्हा मॅगझीन बंद करणारी पट्टी, लांब पल्ल्याच्या सांघिक गोळीबाराची बाजूची साइट आणि मागच्या साइटची डावी-उजवी सोय काढून टाकली. कागदावर १९२६ पासून नाव 'रायफल नंबर १' झालं, तरी ठशांमध्ये जुनंच नाव चालू राहिलं. त्यामुळे १९४२च्या रायफलीवर एस.एच.टी. एल.ई. बघून दचकू नका.

दुसरी आणि महत्त्वाची: एफ.आर. ५१. 'फॅक्टरी रिपेअर'. ही रायफल १९५१ साली कारखान्यात परत गेली, तिथे उघडली, तपासली, नळी बदलली, आणि नव्या नळीवर बॉडीचाच नंबर ठोकला. नळीवरचं ५१ आणि ठशाचं वेगळं वळण दोन्ही इथे जुळतात. म्हणजे तुमची नळी 'मूळ' नाही, पण अस्सल आहे. संग्राहक हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतात आणि मग भांडतात.

नोजकॅपवरची रेघ हीसुद्धा चांगली खूण. जुना नंबर रेघ मारून रद्द करायचा आणि शेजारी नवा ठोकायचा, ही शस्त्रागाराची शिस्त. दुसऱ्या रायफलीची टोपी काढून या रायफलीला बसवली आणि त्याची नोंद लोखंडावरच ठेवली. मी असा भाग 'जुळणारा' धरतो.

खरा प्रश्न साइटची पट्टी आणि बोल्ट. या दोन्हींवर परका नंबर आहे आणि तो रद्दही केलेला नाही. हे काम कुठल्याही आर्मररचं (सैन्यातल्या शस्त्रदुरुस्तीवाल्याचं) नव्हे.

कोल्हापुरी_टेक्सास

+१. बोल्टची गोष्ट इथल्या बाजारात नेहमीची आहे. जुन्या रायफली ढिगानं येतात, बोल्ट काढून वेगळ्या पेटीत भरलेले असतात, आणि या टोकाला जो हाताला लागेल तो घुसवला जातो. नळीच्या तोंडाशी ती ठिपक्यांची अक्षरं आहेत ना, तो आयातदाराचा ठसा: सेंचुरी आर्म्स, सेंट अल्बन्स, व्हरमाँट. १९६८च्या कायद्यानं जुना लष्करी माल अमेरिकेत आणणं बंद झालं, मग १९८०च्या दशकाच्या मध्यावर 'क्युरिओ' (संग्राह्य जुनी वस्तू) ठरलेल्या मालाला पुन्हा वाट मिळाली. त्यामुळे हा ठसा दिसला की रायफल त्या दुसऱ्या लाटेतली समजायची. ठसा नसलेली असेल तर बहुधा १९६८च्या आधी आलेली, आणि तिला भाव जास्त मिळतो. बाकी ठशामुळे रायफलीचं काही बिघडत नाही, फक्त दिसायला कसंतरी वाटतं.

पुलथ्रू

मी सैन्यात आर्मरर होतो. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण हा धागा बघून राहवलं नाही.

नंबर कुठे बघायचे ते आधी नीट सांगतो, कारण नवीन माणूस दोन ठिकाणी बघतो आणि निकाल देतो. चेंबरच्या कड्यावर, नळीच्या जाड भागावर, बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला, साइटच्या पट्टीखाली, नोजकॅपवर, आणि फोरएंडच्या लाकडावर खालून, टोपीच्या अलीकडे. लाकडावरचा सगळ्यात आधी पुसतो. तेल, घाम, घासकाम. टोपी काढून, तिरपा उजेड टाकून बघा. दिसेल.

या सगळ्यात बोल्टचा नंबर का ठोकतात? .३०३ काडतुसाला बुडाशी कडा असते. ती कडा चेंबरच्या तोंडाला टेकते आणि मागून बोल्टचं डोकं दाबून धरतं. त्या दोघांमधली जागा म्हणजे हेडस्पेस. बोल्ट त्या त्या बॉडीला घासून बसवलेला असतो, बोल्टला अडवून धरणारे दोन्ही खांब (लग) सारखे टेकायला हवेत. परका बोल्ट आत जातो, बंदही होतो, आणि माणसाला वाटतं झालं काम. तसं नसतं.

ओहायोकर, हेडस्पेस गेजनं मोजल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. किमान .०६४ इंच, आणि .०७४च्या गेजवर बोल्ट बंद व्हायला नको. बंद झाला तर रायफल बाजूला ठेवायची.

तो आडवा स्क्रू इशापूरचाच. बार उडाला की बॉडी मागे ढकलते आणि लाकूड तिथे फाटतं. आपल्याकडे त्यावर हा इलाज केला. फिका तुकडासुद्धा आपल्याच लोकांचं काम. चेपलेलं लाकूड चौकोनी कापून नवा तुकडा बसवायचा. साहेब लोक पूर्ण फोरएंड बदलायचे, आपण तुकडा लावून पंधरा वर्षं आणखी चालवायचो.

ओहायोकर

पुलथ्रूकाका, घाटमाथा, कोल्हापुरी, तिघांचे आभार. टोपी काढून बघितली, लाकडावर नंबर आहे आणि तो बॉडीचाच. म्हणजे फोरएंड जुळतं!

बोल्टचं गोल बटण हा काय प्रकार? इंटरनेटवर इतर इशापूरच्या फोटोंत तिथे चपट्या बाजूंचा ठोकळा दिसतो.

एक पेटीभर जुनी काडतुसंही आली आहेत. बुडावर के, मध्ये बाण, एफ, आणि सात.

घाटमाथा

गोल बटण जुन्या पद्धतीचं. पहिल्या महायुद्धात तेही सोपं केलं आणि चपट्या बाजूंचा ठोकळा आला. पण हा भाग सुटा असतो, स्क्रूनं बसतो. एकट्या गोल बटणावरून बोल्ट १९१६ पूर्वीचा म्हणता येणार नाही. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी भिंग लावून बघा, तपासनिसाची बारीक खूण असेल. मुकुट, त्याखाली एक अक्षर आणि आकडा असं काही. अक्षर ई असेल तर एनफिल्डचा कारखाना. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.चे आणि ऑस्ट्रेलियातल्या लिथगोचेही बोल्ट इशापुरी रायफलींत निघतात. हिंदुस्थानात तिन्हीकडचा माल एकाच शस्त्रागारात नांदत होता.

भारताच्या मालमत्तेची खूणही शोधा: रुंद बाण आणि त्याखाली आय. बाणाची टोकं एकमेकांना भिडवलेली जोडी दिसली तर तो माल ब्रिटिश सरकारनं विकून टाकलेला. आणि नळीवर २.२२२ इंच, १८.५ टन असं काही असलं तर रायफल इंग्लंडमधून, तिथल्या व्यापारी चाचणीतून गेलेली. पहिला आकडा काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, दुसरा दाब. तुमच्या वर्णनात हे नाही, म्हणून तुमची रायफल इंग्लंडच्या व्यापाऱ्यांकडून आली असं मला वाटत नाही.

शब्दवेडी

के बाण एफ म्हणजे खडकी ना? आमचे आजोबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते! आमच्या घरी रिकामी पितळी नळकांडी पेनस्टँड म्हणून होती, बुडावर हीच अक्षरं.

पुलथ्रू

ताई, बरोबर. खडकीचा कारखाना १८६९चा. सात म्हणजे मार्क सात काडतूस, टोकदार गोळीचं. नंतर ७.६२ आली आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला कारखाना निघाला. तिथल्या काडतुसाच्या बुडावर ओ.एफ.व्ही. असतं. एका रायफलीसाठी पुणे, दुसरीसाठी वरणगाव. महाराष्ट्राचा हात दोन्हींना लागलाय.

ओहायोकर, ती खडकीची काडतुसं झाडणार असाल तर (माझं मत विचाराल तर जपून ठेवा) लक्षात असू द्या, जुन्या कॅपमध्ये (बुडाचा, काडतूस पेटवणारा भाग) क्षार राहतो आणि तो नळीला गंजवतो. नुसत्या तेलानं जात नाही. आम्ही नरसाळं लावून उकळतं पाणी नळीतून सोडायचो, मग पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) चिंदी बांधून कोरडी, मग तेलाची चिंदी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. संध्याकाळी कंटाळा केला की सकाळी नळीत तांबूस दिसायचं आणि हवालदार मेजरसाहेबांना आमचं तोंड दाखवावं लागायचं.

देशस्थ_डेन्व्हर

प्रश्न: ७.६२ची काडतुसं इथे स्वस्त मिळतात. भारतीय एनफिल्डमध्ये तीच चालतात असं वाचलं होतं. मग यात चालतील का?

पुलथ्रू

अजिबात नाही.

घाटमाथा

काकांनी दोन शब्दांत संपवलं, मी जरा सविस्तर सांगतो कारण हा घोळ खरंच होतो. ७.६२ची इशापुरी रायफल वेगळी आहे, २ए आणि २ए१. चीन युद्धाच्या सुमारास सुरू झाली आणि १९७०च्या दशकात संपली. जुनी .३०३ भोक पाडून ७.६२ केली असं बरेच विक्रेते सांगतात, ते चूक आहे. ती नव्यानं, जास्त चांगल्या पोलादातून बनवली. ओळखायची कशी, तर मॅगझीन बघा. २ए१चं चौकोनी, पेटीसारखं. .३०३चं पुढे उतरतं, तिरकं, कारण कडेची काडतुसं एकावर एक चढवून बसवावी लागतात. २ए१ची साइट ८०० पर्यंत आखलेली. २एला मात्र जुनीच २००० वाली, म्हणून फक्त साइटवर जाऊ नका. शिवाय ठसे स्पष्ट असतात.

वाटसरू_७

एवढं प्रेम माणसं मारायच्या यंत्रावर? वृत्तपत्रात रोज अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या आणि इथे कौतुकाचे धागे.

कोल्हापुरी_टेक्सास

वाटसरू, तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि त्यावर वेगळा धागा जरूर काढा, मी येईन वाद घालायला. इथे चर्चा ठशांची चाललीय.

संपादक

विषयाला धरून राहावे. वरील मुद्द्यावर स्वतंत्र धागा काढता येईल.

मुळशीकर

भारतात अशी एखादी विकत घेता येते का? म्हणजे परवाना वगैरे काढून?

पुलथ्रू

.३०३ आणि ७.६२ दोन्ही प्रतिबंधित बोअर. सामान्य परवान्यावर नाही. पण गंमत अशी की तिची चुलत बहीण मिळते. इशापूरचीच .३१५ स्पोर्टिंग रायफल. यंत्रणा ली-एनफिल्डचीच. इंग्रजांना सैन्याची काडतुसं लोकांच्या हाती जायला नको होती, म्हणून साध्या नागरिकासाठी वेगळ्या मापाचं काडतूस चालू झालं. मूळचं ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मॅनलिखर. विदर्भात आणि कोकणात पिकांच्या राखणीसाठी जुन्या घराण्यांकडे असायच्या. बँकेच्या दारात बसलेल्या गार्डच्या हातात मात्र बहुधा बारा बोअर असते, ती वेगळी.

कोल्हापुरी_टेक्सास

चुलत भावंडांचा विषय निघालाय तर माझ्याकडची एक सांगतो. इशापूरनं .३०३ च्या नळीचं भोक मोठं करून .४१० ची मस्केट केली, पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. काडतूसही .३०३च्याच नळकांड्याचं, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेलं. हेतू असा की रायफल चोरीला गेली तरी तिच्यातून .३०३ झाडता येऊ नये. माझ्या मस्केटच्या बॉडीवर इशापूर नाही, बी.एस.ए. आहे आणि साल पहिल्या महायुद्धाचं. म्हणजे बर्मिंगहॅमला जन्म, सैन्यात उमेदवारी, मग इशापूरला रूपांतर आणि शेवटी पोलीस चौकी. 'सगळे नंबर जुळणारी' शोधणाऱ्यांना ती कचरा वाटते. मला माझ्या संग्रहातली सगळ्यात बोलकी वाटते.

शब्दवेडी

ओहायोकर, ही तुमची रायफल आपल्या मराठा पलटणीत असेल का? १९४२ची आहे म्हणजे इटलीच्या लढाईत वगैरे? अंगावर काटा आला. नाईक यशवंत घाडग्यांच्या हातातही अशीच असेल!

घाटमाथा

ताई, भावना समजते, पण लोखंड तेवढं सांगत नाही. पलटणीची खूण असली तर दस्त्यावरच्या पितळी चकतीवर किंवा लाकडावर कोरलेली असते. ओहायोकरांनी चकतीचा उल्लेखच केलेला नाही. आणि घाडग्यांनी जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात ज्या मशीनगनच्या मोर्चावर उडी घेतली, तेव्हा त्यांच्या हातात टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) होती. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातच तसं आहे.

विक्रेते अशा कथांवर पैसे कमावतात म्हणून जरा कोरडेपणानं लिहितोय. या रायफलीबद्दल ठामपणे एवढंच म्हणता येतं: १९४२ मध्ये इशापूरला बनली, १९५१ मध्ये तिथेच दुरुस्त झाली, निदान तोपर्यंत भारतात सरकारी ताब्यात होती, आणि बऱ्याच उशिरा व्हरमाँटच्या आयातदाराकडून अमेरिकेत आली. मधल्या दशकांत सैन्य, पोलीस, होमगार्ड, काहीही. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ला निरोप दिला तो २०२० साली. आपण २६/११ला सीएसटीवर ती पोलिसांच्या हातात बघितलेली आहे. म्हणून 'दुसऱ्या महायुद्धातली' ही पाटी लावताना हात आखडता घ्यावा.

देशस्थ_डेन्व्हर

नकली कशा ओळखायच्या? माझ्या एका सहकाऱ्यानं अफगाणिस्तानातून एनफिल्ड आणलीय, खूप जुनी म्हणतो.

घाटमाथा

खैबर खिंडीतला माल. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलच्या बाजूला लोहार हातानं पूर्ण रायफल घडवतात, ठशांसकट. तीन-चार गोष्टी बघायच्या. अक्षरं सरळ रेषेत आहेत का, इंग्रजी एन उलटा पडलाय का, एनफिल्डचं स्पेलिंग बरोबर आहे का, आणि मुकुटाखाली कुणाची अक्षरं आहेत. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती वारली १९०१ मध्ये. खाली १९०१ च्या पुढचं साल दिसलं तर समजून घ्या, लोहाराला इंग्रजी वाचता येत नव्हतं. भिंतीसाठी सुंदर वस्तू. झाडायची नाही, पोलादाची खात्री नसते.

ओहायोकरांच्या रायफलीला ही शंका लागू होत नाही. इशापूरचे ठसे आणि एफ.आर. सगळं सुसंगत आहे.

ओहायोकर

गनस्मिथकडे जाऊन आलो. बोल्ट .०७४च्या गेजवर बंद झाला. काकांचा इशारा खरा ठरला. गनस्मिथ म्हणाला बोल्टचं डोकं बदलून बघू, त्याच्याकडे नंबर ४ रायफलीची डोकी आहेत, ० ते ३ आकड्यांची, लांबीनुसार.

दुसरं, लाकूड फार मळकट आहे. पॉलिश पेपर मारून, वॉर्निश देऊन चकाचक करावं का?

पुलथ्रू

नंबर ४ची डोकी नंबर १ला बसत नाहीत. गनस्मिथला नम्रपणे सांगा. नंबर १च्या डोक्यांवर आकडे नसतातच, चार-पाच गोळा करून कॅलिपरनं मोजून लांब असेल ते घ्यायचं. बसवल्यावर आटे कुठे थांबतात तेही बघा. डोकं आवळल्यावर त्याची कड बोल्टच्या उभ्या धारेशी साधारण रेषेत यायला हवी, फार पुढे फिरून गेलं तर आटे झिजलेत. आणि त्याआधी बोल्टच्या खांबांना निळी शाई लावून बोल्ट बंद करा, उघडा. शाई दोन्हीकडे सारखी पुसली गेली पाहिजे. एकाच बाजूची पुसली तर डोकं बदलून उपयोग नाही, दुसरा बोल्ट शोधा.

पॉलिश पेपर मारलात तर मी या धाग्यावर पुन्हा येणार नाही.

कोल्हापुरी_टेक्सास

हाहा, काका चिडले. ओहायोकर, लाकडावरचा तो नंबर, तो फिका तुकडा, बारीक ठसे, सगळं एका दुपारी घासून जाईल आणि मग उरेल फक्त 'जुनी बंदूक'. कापडाला थोडं टर्पेंटाइन लावून मळ पुसा, मग कच्चं जवसाचं तेल तळहातानं चोळा. पातळ हात, मध्ये पुष्कळ दिवस जाऊ द्यायचे.

ओहायोकर

शाईची परीक्षा झाली: फक्त उजव्या बाजूची शाई पुसली गेली, डावीकडची जशीच्या तशी. म्हणजे दुसरा बोल्ट शोधणं आलं. भिंगानं मुळाशी मुकुट आणि ई दिसला, तेव्हा हा बोल्ट एनफिल्डचा. कुणाकडे इशापूरचा सुटा बोल्ट असेल, शक्यतो चपट्या ठोकळ्याचा, तर व्यक्तिगत निरोप करा. साइटची पट्टी परकी असली तरी तशीच ठेवतोय.

कोल्हापुरी_टेक्सास

माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही परक्या नंबरांचे. निरोप केलाय. दोन्ही पाठवतो, शाई लावून बघा, जो बसेल तो ठेवा. बसवल्यावर नंबर मात्र ठोकू नका. पुढच्या माणसाला कळू दे की हा बोल्ट तुमच्या काळात आला.